प्राथमिक शिक्षकाची जागा : मागचा इतिहास व पुढची वाट

शिक्षणपदविका घेतलेला तरुण आज एकच प्रश्न विचारतो : जागा निघणार आहेत काय? मुलांची संख्या घटत चालली, तेव्हा जागाही घटणार, असे उत्तर त्यास बहुधा मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, असे आमचे मत आहे. आणि ते पटवून देण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

जुन्या पंतोजीला जागा अशी नव्हतीच. ओसरीवर किंवा देवळात पोरे जमवावीत, धुळाक्षरे घोटून घ्यावीत, आणि पालकांनी दिलेले चार पैसे व सणावारचा शिधा यांवर संसार रेटावा, असा तो व्यवहार. पोरे पांगली की पंतोजीची चूल थंडावली. मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी शिक्षणखाते निघाल्यावर ही स्थिती हळूहळू पालटली. पगार सुरू झाला, पण तो तुटपुंजा. १८८२ साली हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो १५ किंवा २० असावा, आणि गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे सोपवून गावात त्यांचे वजन वाढवावे, असे त्यांनी सुचविले. जोडकामांची ही सूचना पुढे भलत्याच रीतीने फळास आली! जनगणना आणि निवडणुका शिक्षकाच्याच गळ्यात पडतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही त्यांतून त्याची सुटका केली नाही. वजन तेवढे वाढायचे राहिले.

आता जागांकडे वळू. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत व १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केले. उलट, नामदार गोखले यांचे १९११ चे विधेयक पुढच्याच वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले आणि त्यावरच्या आक्षेपांत खर्चाचा आक्षेप होताच. मुले काय, १९१६ सालीही कोल्हापूर संस्थानात होतीच. नव्हता तो कायदा. मुलांकडे पाहून शिक्षक नेमावयाचा की नाही, हे राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे असते, आणि ते तेव्हापासून तसेच चालत आले आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्या हाती गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा मास्तर होई, तो काळ मागे पडला. पुढे अध्यापक विद्यालये इतकी निघाली की पदविकाधारकांस जागा पुरेनात. २००० साली शिक्षणसेवक योजना आली : तीन वर्षे मानधनावर काम, मानधन दरमहा ३,००० रुपये. ते १६,००० व्हावयास २०२३ साल उजाडले. मध्यंतरी २०१२ पासून भरतीला खीळ बसली. २०१३ साली पात्रता परीक्षा, २०१७ साली अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टल, अशा पायऱ्या वाढत गेल्या. तरुणांनी पाठ फिरविली, तेव्हा त्याच विद्यालयांना कुलपे लागू लागली.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता अग्राह्य ठरविली, त्यामुळे पदविकाधारकाचा हक्क बळावला. पण २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करण्याचे योजिले आहे. आज पदविकेस नाव घालणाऱ्याने हे साल विसरू नये.

राहिला मुलांचा हिशेब. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आढळला, म्हणजे पट घटणार, यात शंका नाही. परंतु शिक्षणहक्क कायद्याचे गणित पाहा. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. वीस-वीस पटाच्या तीन वाड्यांवरच्या तीन शाळांना सहा शिक्षक लागतात. त्याच साठ मुलांची एक शाळा केली की दोघांत भागते. मूल एकही कमी झाले नाही, आणि चार जागा नाहीशा झाल्या! २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षणखात्याने मागविले, ते या हिशेबाचेच. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, साधने मिळतात, हे आम्हांस मान्य आहे. पण पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची मुलगी तेथवर कशी पोहोचणार, याचे उत्तर आधी मिळावे. ती घरी राहिली, तर तिच्या शिक्षकाची जागाही पुढच्या संचमान्यतेत राहणार नाही.