घंटेतला गांधार

माउली, भीमाशंकराच्या दर्शनाला गेलात ना, तर तिथली जुनी घंटा नुसती बघून पुढं होऊ नका. क्षणभर तिला कान द्या. ती मूळची आपल्या वसईची. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांच्या काही घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीलाही एक आहे.

आता गंमत बघा. तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून शुद्ध गांधार आपसूक उमटतो. षड्जाची कंपनं २४० धरली, तर हा गांधार ३००. चर्चच्या घंटेचं तसं नाही, बरं का! तिच्या जाड काठाच्या घडणीमुळे षड्जासोबत कोमल गांधार बोलतो, २८८ च्या आसपास. म्हणून तो नाद करुण वाटतो.

घंटेचं गाव बदललं, देव बदलला. तिनं गांधार बदलला नाही. आपण मात्र वसईत चर्चची घंटा ऐकली की ‘त्यांची’ म्हणतो, आणि भीमाशंकराची ‘आपली’. अहो, दोन्हींची घडण एकच! वाद घालण्याआधी सूर तर ऐका. रामकृष्णहरी!