काळ्या डागाची खोली

आमच्या शाळेतले गणिताचे गुरुजी निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या टाचेवर एक काळा डाग उमटला. कुरूप असेल, म्हणून त्यांनी त्यावर बिब्बा लावला. डाग पसरला, चिघळला, तेव्हा मी त्यांना शहरात घेऊन गेलो. तुकडा तपासून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा मेलॅनोमा. त्वचेचा कर्करोग." गुरुजींनी शांतपणे विचारले, "किती खोल गेलाय?" डॉक्टर क्षणभर पाहतच राहिले. या रोगात विचारावा असा प्रश्न तोच होता. पण तो विचारायला वैद्यकाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली, हे मला पुढे वाचनात कळले.

१७८७ साली लंडनच्या जॉन हंटरने एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ कापली. ती कसली हे त्याला उमगले नाही. पण गड्याने ती जपून ठेवली. १९६८ साली तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आणि ती मेलॅनोमाची ठरली! मधल्या काळात, १८०४ साली, पुढे स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रेंच लेनेकने हा स्वतंत्र रोग म्हणून ओळखला. १८२० साली विल्यम नॉरिस या इंग्रज डॉक्टरने एका रोग्याची हकीकत छापली. रोग्याचा बाप अशाच व्याधीने गेला होता आणि मुलांच्या अंगावरही तीळ होते, हे त्याने आवर्जून टिपले. 'घरात आणखी कुणाला?' या त्या साध्या चौकशीला जनुकाच्या भाषेत उत्तर मिळाले ते १९९४ साली. काही घराण्यांत सीडीकेएन२ए नावाच्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, असे तेव्हा दिसून आले.

परंतु रोगी जगेल की नाही, हे कसे सांगावे? १९६९ साली अमेरिकेच्या वॉलेस क्लार्कने त्वचेच्या थरांवरून रोगाच्या पाच पायऱ्या पाडल्या. पायरी ठरवताना मात्र दोन तज्ज्ञांचे एकमत होईना. दुसऱ्याच वर्षी अलेक्झांडर ब्रेस्लोने सूक्ष्मदर्शकात मोजपट्टी बसवून गाठीची जाडी सरळ मिलिमीटरमध्ये मोजली. त्याच्या ९८ रोग्यांपैकी ज्यांची गाठ ०.७६ मिलिमीटरहून पातळ होती, त्यांच्यात रोग परतला नव्हता. केवढे सोपे! मापाला मतभेद कमी.

पुढे २००२ साली बीआरएएफ जनुकातला बदल सापडला आणि त्यातून नवी औषधे निघाली. गाठीतल्या ३१ जनुकांची हालचाल पाहून भविष्य वर्तवणारी चाचणीही आता आहे. तरीही रोगाची पायरी ठरवताना तज्ज्ञ आधी पाहतात ती जाडी, आणि वरची त्वचा फुटून व्रण झाला आहे का ते.

गुरुजींची जाडी चार मिलिमीटरच्या पुढे होती. आकडा ऐकून ते म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, गणित उशिरा सोडवायला घेतलं." दोन वर्षांनी ते गेले.

गोऱ्या लोकांत हा रोग पुष्कळ, आपल्यात विरळा. पण आपल्यात होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे कुणी पाहत नाही तिथे. म्हणून दिवाळीच्या पहाटे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांना तेल लावाल, तेव्हा तळवेही एकदा उजेडात पाहा. नवा काळा डाग दिसला, तर बिब्बा शोधू नका, डॉक्टर गाठा. मिलिमीटर वाढण्याआधी.