दायमाबादची जनावरे आणि छबू भिल

इ. स. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी, दायमाबाद येथे, छबू लक्ष्मण भिल या माणसाला झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि बैलजोडी जुंपलेल्या रथात उभा असलेला माणूस. भारतीय कलेच्या इतिहासात या चार वस्तूंना मानाचे पान मिळाले. ज्याच्या हाताने ते पान उघडले, त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ आली.

दायमाबाद पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात आहे. पण खानदेशातल्या वाचकाला ते परके नाही. तिथली सर्वांत खालची वस्ती सावळदा संस्कृतीची, आणि हे नाव आपल्या तापीकाठच्या गावावरून पडलेले. गिरणेकाठचे बहाळ, पलीकडचे टेकवाडे, तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, धुळे जिल्ह्यातले कावठे ही सगळी त्याच ताम्रपाषाणयुगीन शेतकरी-पशुपालकांच्या जगातली ठिकाणे.

आता शिल्पांकडे पाहू. चाकांसह रेडा ३१ सेंटिमीटर उंच. हत्ती २५, गेंडा १९. रथातला माणूस अवघा १६ सेंटिमीटरचा. चौघांत माणूसच बुटका! रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. ज्याने हे घडवले त्याने राजवाड्यातून रान पाहिलेले नाही. गुराख्याची नजर असल्याशिवाय रेडा असा उभा राहत नाही, असे मला वाटते. प्रवरेकाठी आज गेंडा नाही, हत्तीही नाही. शिल्पकाराच्या डोळ्यांपुढे मात्र ते स्पष्ट होते.

शिल्पे भरीव ओतलेली आहेत. मेणाचा आकार घडवायचा, त्यावर मातीचे लेप चढवायचे, भट्टीत तापवून मेण गाळायचे आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा, अशी या ओतकामाची रीत मानतात. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांब्याचे खनिज नाही. धातू दुरून आणलेला. या काळातल्या इतर वस्त्यांवर तांबे सापडते ते मणी, गळ, छिन्नी अशा लहान वस्तूंत. मग एका खेड्यात साठ किलो? कुणाच्या तरी धान्याच्या राशीवर हा धातू आला. भट्टीला कोळसा कुणी पुरवला, भाता कुणी चालवला, हे प्रश्न कलासमीक्षेत येत नाहीत. तिथे प्रश्न एकच, रथात उभा असलेला तो कोण? कोणी त्याच्यात पशुपती शिव पाहिला. ओतणाऱ्याविषयी इतकी उत्सुकता कोणी दाखवलेली नाही.

काळाविषयीही वाद आहे. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या दायमाबादच्या तिन्ही उत्खननकारांनी शिल्पे उत्तर हडप्पा काळाची, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ठरवली. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. या धातूत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, एक टक्क्याहून जास्त आहे, आणि त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही. शंका रास्त आहे. शिल्पे उत्खननाच्या थरातून निघालेली नसल्याने ती सहज मिटणारी नाही.

इथे आपल्याही कार्यकर्त्यांना एक सांगितले पाहिजे. शिल्पे भिलाला सापडली म्हणून ती भिलांच्या पूर्वजांनीच घडवली, असे विधान करण्याचा मोह होतो. तसा पुरावा नाही. चार हजार वर्षांपूर्वी आजच्या जाती होत्या, असे गृहीत धरण्यालाही आधार नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत तुटलेले दुवे अनुमानाने जोडण्याचा इतिहासकाराचा अधिकार मांडला, पण अनुमानाला पुरावा म्हणून खपवण्याची मुभा त्यात नाही. जी लबाडी पोथीवाल्यांनी केली, तीच आपण उलटी करून वापरू नये.

पण जे घडले ते तरी नीट लिहावे. खानदेशातल्या भिलांचा लिखित इतिहास बहुतांशी बंदोबस्ताचा इतिहास आहे. १८२५ साली धरणगावात आउटरॅमने भिल पलटण उभारली, बंडे झाली, ती मोडली, पुढे गुन्हेगार जमाती कायदा आला. सरकारी दप्तरात भिल येतो तो आरोपी, शिपाई नाही तर मजूर म्हणून. दायमाबादच्या कागदांत तोच भिल एका शोधाच्या आरंभी उभा आहे. तरी भाषा बघा: साहेबांनी स्थळ ‘शोधले’, भिलाला वस्तू ‘सापडल्या’! बी. पी. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये दायमाबादचे स्थळ उजेडात आणले, त्यांचे श्रेय त्यांना आहेच. त्यानंतर १९५८-५९ मध्ये तिथे पहिले उत्खनन झाले, आणि शिल्पे तेव्हाही जमिनीतच राहिली.

ताम्रपाषाणयुग शिकवताना मी उत्खननकारांची नावे फळ्यावर लिहितो. त्यांच्या वर छबू लक्ष्मण भिल, १९७४, असे लिहितो. मागच्या बाकांवरची वळवी, पावरा आडनावाची मुले ते वहीत उतरवून घेतात.