काळ्या मातीत घर बांधताय? पायाचा स्लॅब ठरवण्याआधी खड्डा घेऊन बघा

नवीन घराच्या भिंतीला दोन-तीन वर्षांतच तिरक्या भेगा पडतात, दरवाजे चौकटीत अडकतात, फरशी मधूनच फुगते. दोष मिस्त्रीला किंवा सिमेंटला दिला जातो. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर पट्ट्यात मात्र बऱ्याचदा खरं कारण पायाखालच्या काळ्या मातीत असतं.

ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच हालचाल घराखालीही होते. घराच्या कडेची माती आधी भिजते आणि आधी सुकते, मधली तशीच राहते. त्यामुळे घर सगळीकडून सारखं हलत नाही आणि भिंत तडकते.

आधी काय करावं?

जागेवर दोन-तीन ठिकाणी ६ ते ८ फूट खोल खड्डे घ्यावेत आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते बघावं. शेजाऱ्याच्या विहिरीवरून अंदाज बांधू नये, वीस पावलांवर थर बदलू शकतो. माती किती फुगते हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. वाळवून बारीक चाळलेली माती सारख्या मापाने दोन काचेच्या ग्लासात घ्यावी, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतून ढवळावं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यातला थर बराच उंच दिसला, तर सावध व्हावं. हा फक्त अंदाज आहे, पक्की तपासणी प्रयोगशाळेतच होते.

कोणता पाया कुठे?

मुरूम ४-५ फुटांवर असेल तर मुरमापर्यंत खोदून कॉलमचे फुटिंग आणि वर सगळे कॉलम बांधणारा प्लिंथ बीम हा साध्या घरासाठी परवडणारा मार्ग आहे. इथे पूर्ण राफ्ट स्लॅबची गरज सहसा नसते.

मुरूम बराच खोल असेल तर दोन पर्याय उरतात. एक, खाली बीम असलेला राफ्ट, म्हणजे घराच्या पूर्ण जागेखाली एकसंध स्लॅब. दुसरा, खाली फुगा असलेले अंडर-रीम पाइल. हे साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त खोल, हालचाल न होणाऱ्या थरापर्यंत नेतात. दोन्हींचं डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्यावं.

काळ्या मातीवर थेट ४ इंचाचा कोबा टाकून त्यालाच ‘स्लॅबचा पाया’ म्हणणारे भेटतात. ती फक्त जमीन झाली, पाया नव्हे.

खर्चाचा अंदाज

२० बाय २५ फुटांच्या घराला ९ इंची राफ्ट म्हटलं तर ३७५ घनफूट, म्हणजे पावणेचार ब्रास काँक्रीट लागतं. एम-२० मालाला सिमेंटच्या सुमारे ८५ गोण्या होतात. सळई, खालचे बीम आणि मजुरी वेगळी. सपाट भागात घरकुलाचे १ लाख २० हजार रुपये हप्त्यांत मिळतात, त्यात हा खर्च बसवणं अवघड आहे. म्हणूनच खड्डा घेऊन गरज आहे का ते आधी बघायचं.

कामावर उभं राहून काय बघावं?

- खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नये. पैसे वाचतात म्हणून हे सर्रास होतं आणि फरशी त्यामुळेच फुगते. मुरूम भरून ६-६ इंचाच्या थराने पाणी मारून दबाई करावी.
- खड्डे खोदल्यावर उघडे ठेवू नयेत. पाणी साचलं तर उपसून चिखल काढावा, मगच पीसीसी.
- एम-२० साठी १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. ५० किलोच्या गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. वाळू ओली असेल तर त्याहून कमी.
- सळई जमिनीवर टेकू नये. खाली २ इंची कव्हर ब्लॉक हवेत.
- पाणी किमान १० दिवस मारावं. उन्हाळ्यात ओली पोती टाकावीत.

घर झाल्यावर

घराभोवती ३-४ फूट रुंद, बाहेर उताराची फरसबंदी करावी. न्हाणीघराचं पाणी आणि शोषखड्डा भिंतीपासून लांब ठेवावा. भिंतीलगत मोठं झाड लावू नये, त्याची मुळं माती कोरडी करतात.

रंग, टाइल्स, दरवाजे नंतर कधीही बदलता येतात. पाया एकदा गाडला की पुन्हा उकरून दुरुस्त करणं नवीन पायापेक्षा महाग पडतं. काटकसर करायचीच असेल तर ती जोत्याच्या वर करावी.