शाळेची वास्तू आणि संध्याकाळचे बिऱ्हाड

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था आज आपली सभागृहे आणि मैदाने बाहेरच्यांना भाड्याने देत असल्या, तरी त्यांचा स्वतःचा इतिहास दुसऱ्याच्या जागेतून सुरू होतो. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर भरे. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात काढलेली मुलींची शाळा भिडे यांच्या वाड्यात भरली, आणि चिपळूणकर-टिळकांचे न्यू इंग्लिश स्कूलही १८८० मध्ये वाड्यातच सुरू झाले. देणग्यांतून संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा कालपर्यंत आश्रयाला असलेली शाळा स्वतःच आश्रय देऊ लागली. डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात ठरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तेथील पटकीच्या साथीमुळे ऐन वेळी मुंबईस हलवावे लागले, तेव्हा गवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या चालकांनी पाठशाळा आणि वसतिगृह यांच्या इमारती त्यासाठी मोकळ्या करून दिल्या, आणि देशभरातून आलेले ७२ प्रतिनिधी विद्यार्थ्यांच्या वास्तूत जमले.

अशा देवघेवीला शब्द एकच, ‘जागा दिली’, असा वापरला जात असला, तरी कायदा तिच्यात दोन प्रकार मानतो. भाडेपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मालमत्तेतील उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे सोपवणे. परवाना म्हणजे केवळ वापराची मुभा, जिच्यामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. पहिल्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरणाच्या आणि दुसऱ्याची सुविधाधिकाराच्या कायद्यात आहे, आणि हे दोन्ही कायदे १८८२ चे आहेत. पुढे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली. मुंबईत त्यात भाडेनियंत्रणाची भर पडली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने निदान एका खोलीइतक्या जागेत परवानाधारक म्हणून राहणाऱ्यास कायद्याने थेट भाडेकरूचे संरक्षण दिले, आणि एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही ही शहरातील मालकांची जुनी धास्ती अधिकच पक्की झाली. अशा वातावरणात सभागृह तासांच्या किंवा एका संध्याकाळच्या हिशेबाने द्यावे, ताबा मात्र सोडू नये, ही रीत संस्थाचालकांना सोयीची वाटली असल्यास नवल नाही.

याच काळात, १९७४ च्या सुमारास, दादर पश्चिमेच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू झाले. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली होती. व्यावसायिक नाट्यगृहाचे भाडे, मोजकाच प्रेक्षक असलेल्या आणि पैशासाठी न केलेल्या नाटकांना परवडणारे नव्हते. सुलभाबाई त्याच शाळेत शिक्षिका राहिलेल्या होत्या. कोणत्याही करारनाम्यापेक्षा हा ऋणानुबंध अधिक उपयोगी पडला, असे म्हणणे वावगे ठरू नये. नाट्यगृह म्हणून न बांधलेल्या या सभागृहात प्रेक्षक आणि नट यांच्यात फारसे अंतर उरत नसे, नेपथ्य संध्याकाळी लावून रात्रीच आवरावे लागे, कारण सकाळी वास्तू पुन्हा मुलांची होई. जे आवरता येईल तेवढेच नेपथ्य, जे हाताशी आहे तेवढाच प्रकाश, ही अडचण होतीच, पण तिने नाटककारांना आणि दिग्दर्शकांना शब्द आणि देह यांवर विसंबायला लावले, आणि या सभागृहातील प्रयोगांची शैली काही अंशी तरी भाड्याच्या अटींनी घडवली. ‘आविष्कार’पुरतीच ही जागा मर्यादित राहिली नाही, सत्यदेव दुबे यांचे ‘थिएटर युनिट’, अमोल पालेकरांचे ‘अनिकेत’ असे गट तेथे येत राहिले, आणि ‘छबिलदास’ हे शाळेचे नाव पाहता पाहता एका नाट्यचळवळीचे नाव बनले. शाळेच्या नावाला असा दुसरा अर्थ लाभल्याचे उदाहरण मराठी मुलखात विरळाच.

सुमारे दीड दशकानंतर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस, हे पर्व संपले. त्याची जबाबदारी शाळेवर टाकण्याचा मोह चळवळीच्या आठवणी सांगणाऱ्यांना होतो, तो मात्र न्याय्य नाही. शिक्षणसंस्थेची पहिली बांधिलकी विद्यार्थ्यांशी असते आणि मुभा देणाऱ्याला ती मागे घेण्याचाही अधिकार असतो. दोष असलाच तर तो, एवढ्या मोठ्या शहराला लहान नाटकांसाठी लहान, स्वस्त आणि कायमची जागा बांधून देणे आवश्यक न वाटण्यात आहे. ‘आविष्कार’ने पुढे आपले काम माहीमच्या एका महापालिका शाळेत नेले, तिथेही जागा शाळेचीच होती आणि वापर मुभेनेच होता.