फेअरट्रेड कॉफी व केळी : युरोपातील विक्रीची तुलना

उत्पादकाला ठरलेला किमान भाव आणि शिवाय सामुदायिक कामांसाठी अधिमूल्य देण्याच्या अटीवर विकला जाणारा प्रमाणित माल म्हणजे फेअरट्रेड माल. त्याचे पहिले प्रमाणचिन्ह 'मॅक्स हॅवेलार' १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील कॉफी-उत्पादक सहकारी संस्थेच्या मालापासून सुरू झाले. केळ्यांना ते १९९६ मध्ये मिळाले. पुढील दशकात वेगवेगळ्या देशांत या दोन वस्तूंची विक्री फार विषम वेगाने वाढली. या विषमतेवरून कोणत्या देशातील ग्राहक अधिक संवेदनशील याची प्रतवारी लावली जाते. ती चुकीची आहे. २००४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील जवळपास निम्मी, म्हणजे सुमारे ४७ टक्के केळी फेअरट्रेड होती, पण कॉफीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. ब्रिटनमध्ये नेमके उलट चित्र होते: दळलेल्या कॉफीत सुमारे २० टक्के, तर केळ्यांत ५.५ टक्के. ग्राहकाची सदसद्विवेकबुद्धी हेच कारण असते, तर तोच स्विस ग्राहक केळ्यांपाशी उदार आणि कॉफीपाशी कंजूष का झाला असता?

उत्तर दुकानाच्या फळीवर आणि सीमाशुल्काच्या नियमांत सापडते. युरोपीय संघाने १९९३ पासून केळ्यांच्या आयातीवर कोटा आणि परवाने लादले, आणि परवाने मुख्यतः पूर्वीच्या आयातीच्या नोंदींवर दिले. नव्याने उतरणाऱ्या फेअरट्रेड आयातदाराकडे अशी नोंद कुठून असणार? स्वित्झर्लंड संघाबाहेर असल्याने हा अडसर तेथे नव्हता. शिवाय किराणा बाजाराचा मोठा हिस्सा मिग्रो आणि कोऑप या दोन साखळ्यांच्या हाती. १९९७ पासून ही केळी त्यांच्या दुकानांत आली आणि विक्री झपाट्याने वाढली. केळे हे बहुतांशी एकाच जातीचे, ब्रँडचा फारसा आग्रह नसलेले फळ. व्यवस्थापनाने मनावर घेतले तर पुरवठाच बदलता येतो. कॉफीची चव, मिश्रण आणि ब्रँड यांवर मात्र गिऱ्हाईक अडून बसते, त्यामुळे तिथे हा वाटा एकेका पुड्यानेच वाढतो. ब्रिटनमध्ये कॅफेडायरेक्टसारख्या ब्रँडने १९९० च्या दशकातच कॉफीच्या बाजारात जागा मिळवली होती, आणि २००३ मध्ये तेथील को-ऑप साखळीने स्वतःच्या नावाची सगळी कॉफी फेअरट्रेड केली. ब्रिटिश कॉफीचा २० टक्के आकडा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो फक्त दळलेल्या कॉफीचा आहे, आणि ब्रिटिश घरांत झटपट कॉफीच जास्त खपते.

दुकानदार मागणी पाहूनच माल ठेवतो, तेव्हा मूळ कारण ग्राहकच, हा आक्षेप वजनदार आहे. स्वित्झर्लंडचाच इतिहास त्याची कसोटी घेतो. फ्राउएनफेल्ड येथील स्त्रियांनी उर्सुला ब्रुनर यांच्या पुढाकाराने १९७३ मध्येच स्वस्त केळ्यांविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे जादा दराने केळी विकली. जाणीव होती, निष्ठाही होती. तरी दोन दशके ही विक्री सीमित राहिली. त्या स्त्रियांविना साखळ्या हलल्या नसत्या हे खरे, परंतु विक्रीचा वेग साखळ्या हलल्यावरच बदलला. दुसरा आक्षेप भावाचा. २००१ मध्ये अरेबिका कॉफीचा जागतिक भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला, तेव्हा अधिमूल्यासह १.२६ डॉलरचा फेअरट्रेड दर लक्ष वेधून घेणारच होता. पण ती मंदी सगळ्या युरोपसाठी एकच होती. देशादेशांतील फरक तिने उलगडत नाही.

साखळ्या हलल्यावरच वेग बदलतो, हे केळ्यांबाबत ब्रिटनची पुढची वाटचालही दाखवते. तेथे प्रमाणित केळी २००० मध्ये आली. विक्री त्या वर्षीच्या सुमारे ७८ लाख पौंडांवरून २००४ मध्ये ३ कोटी पौंडांवर गेली. संघाच्या नियमांत माजी वसाहतींना सवलत असल्याने विंडवर्ड बेटांच्या केळ्यांना वाट मोकळी होती. मग २००७ मध्ये सेन्सबरीज या साखळीने आपली सगळी केळी फेअरट्रेड केली आणि वेट्रोजनेही तेच केले. त्या दुकानांतील गिऱ्हाइकाला निवड करण्याचे कारणच उरले नाही.