त्रयी : एक शब्द, अनेक अर्थ

त्रयी म्हणजे तीन गोष्टींचा समूह. पालीत याच अर्थाने ‘तिक’ हा शब्द येतो. त्या तीन गोष्टी कोणत्या, हे मात्र परंपरेनुसार बदलते.

वैदिक अर्थ

ऋग्वेद, यजुर्वेद आणि सामवेद मिळून त्रयी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती अशा चार विद्या सांगितल्या आहेत; तिथेही त्रयी म्हणजे हे तीन वेदच. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि भगवद्गीता यांना वेदान्तात ‘प्रस्थानत्रयी’ म्हणतात.

बुद्धांनी बदललेला अर्थ

तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणाला पालीत ‘तेविज्ज’ म्हणत. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तिकण्ण नावाचा ब्राह्मण बुद्धांपुढे अशा ब्राह्मणांची स्तुती करतो. तेविज्ज कोणाला म्हणायचे, असे बुद्ध विचारतात. तिकण्णाचे उत्तर जन्मापासून सुरू होते : आई आणि वडील या दोन्ही बाजूंनी सात पिढ्या शुद्ध कुळ, आणि मग वेदांचे पाठांतर.

बुद्ध तोच शब्द ठेवतात, पण त्याचा आशय बदलतात. पूर्वजन्मांची स्मृती, प्राण्यांच्या च्युती-उत्पत्तीचे ज्ञान आणि आस्रवांच्या क्षयाचे ज्ञान या त्यांच्या तीन विद्या. या व्याख्येत कुळाला जागा नाही. थेरगाथेतील सुनीत थेर हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेले, निर्माल्य झाडून काढणारे होते. त्यांना एकाच रात्रीच्या तीन प्रहरांत या तिन्ही विद्या प्राप्त झाल्या, असे तिथे वर्णन आहे. थेरीगाथेत अनेक भिक्खुणीही तीन विद्या मिळाल्याचे सांगतात.

धम्मातील प्रमुख त्रयी

• तिरत्न : बुद्ध, धम्म, संघ
• तिपिटक : विनय, सुत्त, अभिधम्म
• तिसिक्खा : शील, समाधी, प्रज्ञा
• तिलक्खण : अनिच्च, दुक्ख, अनत्त
• तीन अकुशल मूळे : लोभ, दोस (द्वेष), मोह

अभिधम्मातील धम्मसंगणीच्या आरंभी २२ तिक दिले आहेत. त्यांतला पहिला कुसल, अकुसल आणि अब्याकत. प्रसिद्ध कालाम सुत्तही तिक निपातातच आहे.

आंबेडकरी त्रयी

बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली नसून बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले.

गल्लत कुठे होते?

तिरत्न आणि त्रिमूर्ती ‘शेवटी एकच’, असे सहज बोलले जाते. आकडा सारखा आहे, एवढाच त्याला आधार. त्रिमूर्तीत निर्मिती, पालन आणि संहार करणारे देव आहेत. तिरत्नात देव नाही. म्हणून कोणी त्रयी म्हटले की आधी विचारावे : कोणत्या तीन गोष्टी, आणि त्यांचा अधिकार कशावर ठरतो, जन्मावर की आचरणावर?